बोलेरो पिकअप: बदली इंजिनचा ऑइल पॅन क्रॉस मेंबरला टेकतोय, मदत हवी आहे

गाडी २०१२ची, २५२३ सीसी डीआय, टू-व्हील ड्राइव्ह. ब्लॉकला तडा गेला म्हणून भंगार बाजारातून त्याच सीसीचं, मेकॅनिकल पंपवालं इंजिन आणलं. बेल हाउसिंगचे (इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरचे) बोल्ट बरोबर बसले, क्लच प्लेट जुनीच लागली. पण ऑइल पॅनचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) खोलगट भाग पुढे आहे, थेट क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या दांड्यावर) टेकतो. माउंटिंगखाली १० मिमी पॅकिंग घातलं (मिस्त्रीचा हट्ट), तर फॅन वर श्राउडला (फॅनभोवतीच्या कव्हरला) घासायला लागला. जुना पॅन लावून पाहिला, आत ऑइलची जाळी आडवी येते.

क्रॉस मेंबर कापायचा नाही. आरसीवर इंजिन नंबर बदलायचं आरटीओचं मी बघतोय.

जुना पॅन, जाळी आणि सक्शन पाइप असा अख्खा सेट या ब्लॉकवर कोणी बसवलाय का? की ऑइल पंपही जुनाच घ्यावा लागतो?