नर आत्ताच वेगळा करा
गिनीपिगची मादी गाभण असेल तर 'पिल्लं झाली की नर वेगळा करा' असं सांगतात, ते पटत नाही. तोवर उशीर होतो. गिनीपिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. आम्ही असेच फसलो. दुकानदाराने 'दोन्ही माद्याच' म्हणून दिलेली जोडी. एकीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं, तर आम्ही खूश, कोथिंबीर मानवली म्हणून! एका सकाळी पिंजऱ्यात तीन पिल्लं. अंगभर केस, डोळे टक्क उघडे. 'दुसरी मादी' शेजारीच बसलेली. ६८ दिवसांनी आणखी दोन.

आणि हो, नर पिल्लं ३ आठवड्यांची झाली की आई-बहिणींपासूनही वेगळी काढा. इवलीशी दिसतात, पण तेवढ्या वयातही मादीला गाभण करायला पुरेशी असतात.