मी म्हटलंच नव्हतं ते: वजनावरचे वाद आणि तुमचे अनुभव

रानजाई:
काल भाचीने विचारलं, "मावशी, जाड असणं चांगलं असं तू लिहिलं होतंस?" पाच वर्षांपूर्वीचा वाद तिला कुठेतरी सापडला. मी लिहिलं होतं एवढंच, की गुडघा दुखतोय म्हणून गेले तर डॉक्टरांनी आधी गुडघा बघावा, मग वजन. त्यावर ढीगभर उत्तरं, सगळी "म्हणजे लठ्ठपणा निरोगी म्हणता?" याच चालीवर. स्वतःच बुजगावणं उभं करायचं, स्वतःच पाडायचं आणि जिंकलो म्हणायचं. गुडघ्यात लिगामेंट फाटलेलं निघालं, ते कुणी विचारलंही नाही. तुमच्या बाबतीत झालंय असं?

सांजवेळ:
माझं उलटं. वजन उतरल्यावर शुगर सुधारली एवढंच लिहिलं. ५ टक्के उतरलं तरी साखरेत, बीपीत फरक पडू शकतो. लगेच "जाड लोकांचा तिरस्कार करता." मी ९४ किलोची होते हो. फार लागलं मनाला.

पाऊलवाट:
बीएमआय!! म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा. फक्त त्यावरून एका माणसाचं आरोग्य ठरवू नका म्हटलं. बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांनी १८३० च्या दशकात ते सूत्र काढलं ते 'सरासरी माणूस' शोधताना. स्नायू किती, चरबी किती, हे त्यातून कळत नाही. उत्तर काय, "विज्ञान मानत नाही का?" आशियाई लोकांत मधुमेहासारख्या आजारांचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये २३ चा टप्पाही सुचवला, हे पुढे सांगणार होतो. तिथवर पोचूच दिलं नाही. फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

ओंजळ:
स्टेरॉइडवर होते, ११ किलो वाढले. "औषधांनी वजन वाढू शकतं" म्हटलं तर "म्हणजे खाण्याचा संबंधच नाही?" त्यातलं 'शकतं' कुणी वाचतच नाही. बाळ उठलं, बाकी रात्री.

काजळमाया:
रानजाई, ऑपरेशन केलंत का? आईलाही लिगामेंटचंच सांगितलंय. कुबड्या किती दिवस?

रानजाई:
दुर्बिणीतून केलं. तीन आठवडे कुबड्या. फिजिओ चुकवू देऊ नका.

वळीव:
मी दुसऱ्या बाजूला होतो. एकीने लिहिलं, वजनकाटा घरातून काढला, आता शांत झोप लागते. मी तिला हार्ट अटॅकचे धोके सांगत बसलो. ती हृदयाबद्दल बोललीच नव्हती. त्या वर्षी बाबा गेले होते, मी त्यांच्याशीच भांडत होतो.

सांजवेळ:
वळीव, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तिला दोन ओळी लिहाल? मला कुणी लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वळीव:
शोधतो तिला.