पणजोबा गॅसमधून वाचले ते 'पळाले नाहीत म्हणून', हे खरं असू शकतं का?

खडकीचा नातू:
आमचे पणजोबा सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनिअर दलात) होते, खडकीहूनच 1914 ला पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेले. आजी (त्यांची सून) सांगते की तिकडं एकदा हिरवट पिवळा धूर आला, बरेच जण मागं पळाले आणि मेले, हे मात्र ओलं फडकं तोंडाला बांधून खंदकाच्या कडेवर चढून बसले म्हणून वाचले. पण नंतर जन्मभर खोकला. आता मला हे उलटंच वाटतं, विषारी गॅस आला तर माणूस पळेल ना, आणि साध्या ओल्या फडक्याने मस्टर्ड गॅस अडतो का? घरातली गोष्ट सांगता सांगता वाढली असेल का, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

केमिस्ट्रीवाले काका, कोथरूड:
नाही हो, वाढलेली वाटत नाही. पहिलं म्हणजे तो मस्टर्ड नव्हे, मस्टर्ड 1917 च्या जुलैत आला, त्याने अंगावर फोड येतात आणि डोळे सुजून दिसेनासं होतं. हिरवट पिवळा म्हणजे क्लोरीन. तो हवेच्या जवळपास अडीचपट जड, त्यामुळे जमिनीला धरून सरकतो आणि खंदकात पाण्यासारखा उतरून तळाशी साचतो. म्हणजे खाली दडून बसलेला किंवा स्ट्रेचरवर आडवा पडलेला जखमी सगळ्यात आधी जायचा. आणि पळायचं कुठं, तर वारा जातो तिकडंच ना, म्हणजे ढगाबरोबरच पळायचं, त्यात धापा टाकत जास्त श्वास घ्यायचा. जागेवर राहून उंचावर चढलेल्याच्या अंगावरून ढग निघून जायचा. पणजोबांनी केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. ओलं फडकंही बरोबर, कारण क्लोरीन पाण्यात विरघळतो, बरेच सैनिक तर रुमालावर लघवी करून तो बांधायचे. न विरघळलेला गॅस आत गेला की फुप्फुसातल्या ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं, मग तिथं पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

माजी सॅपर:
तारखा जुळतात. 22 एप्रिल 1915 ला संध्याकाळी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी हजारो सिलिंडर उघडून दीडशे टनांच्या वर क्लोरीन सोडला, समोर फ्रेंचांच्या बाजूचे सैनिक होते, त्यात अल्जेरियाचे बरेच. मग ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली आपली लाहोर डिव्हिजन घाईघाईने तिकडं चालत नेली आणि 26 एप्रिलला हल्ला चढवला, तेव्हा गॅस आपल्यावरही आला. मास्क नावाची गोष्टच नव्हती, ओले रुमाल आणि पगडीची टोकं. त्याच दिवशी जमादार मीर दस्त यांनी गॅस लागलेला असताना आठ अधिकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आमच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या याच डिव्हिजनबरोबर होत्या, तुमच्या पणजोबांची कंपनी कुठली ते जुन्या पेन्शनच्या कागदावर मिळेल, ट्रंकेत बघा. शाळेत आपल्याला पहिलं महायुद्ध म्हणजे कोणीतरी परक्यांचं शिकवलं याचं मला फार वाईट वाटतं.

सातारा रोड:
मग मास्क कधी मिळाले?

केमिस्ट्रीवाले काका, कोथरूड:
आधी हायपोत (क्लोरीन निकामी करणाऱ्या रसायनात) भिजवलेले कापसाचे पॅड, मग 1915 च्या उन्हाळ्यात डोक्यावरून घालायची फ्लॅनेलची पिशवी. कोळशाचा फिल्टर असलेला चांगला मास्क 1916 ला, तोवर आपलं पायदळ फ्रान्समधून निघून मेसोपोटेमियाला गेलेलं.

खडकीचा नातू:
काका, सर, खूप आभार. आत्ताच आजीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली की मामंजी रात्री कधी आडवे झोपायचेच नाहीत, भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचे, आणि पोरं जमिनीवर झोपली की त्यांना उठवून खाटेवर निजवायचे. आम्हाला वाटायचं विंचवाच्या भीतीने. ट्रंक गावाला आहे, रविवारी जातोय.