शत्रूच्या मुलखात उतरलेला वैमानिक नेमकं काय करतो?

मंजिरी, सांगली
एका अमेरिकी युद्धपटाची मराठी सबटायटलं करतेय. बोस्नियात विमान पाडलं जातं, वैमानिक पॅराशूटनं शत्रूच्या मुलखात उतरतो आणि मदत येईपर्यंत त्यांच्या हाती लागायचं नाही, एवढीच गोष्ट. रेडिओवरून त्याला 'इव्हेड' करायचा हुकूम येतो. मी लिहिलं, 'पळ!' आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार मूळचे साताऱ्याकडच्या 'आपशिंगे मिलिटरी' या फौजींच्या गावचे. ते म्हणाले, "पोरी, पळतो तो भगोडा. हा ड्यूटीवर आहे." तिथंच गाडी अडली. 'निसट' म्हणावं, तर तो अजून सापडलेलाच नाही. 'फरार' म्हटलं की चौकीतला फळा आठवतो. दोन शब्दांत बसेल आणि माणसाच्या तोंडी शोभेल असं काही आहे का?

कराडकर
गुंगारा दे. झालं की.

मंजिरी, सांगली
'सैनिका, गुंगारा दे' असा हुकूम कोण सोडेल, दादा?

शुद्धमराठी
सुभेदारांचा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एमआय-नाइन या खात्यानं दोन वेगळ्या वर्गवाऱ्या ठेवल्या होत्या. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेला तो 'एस्केपर' आणि मुळात हातीच न लागलेला तो 'इव्हेडर'. आपल्याकडे दुसऱ्यासाठी शब्द नाही, म्हणून तो घडवावा लागेल. 'बंदीचुकार' सुचवतो. फरारी, परागंदा हे शब्द कृपया नकोत, दोन्ही बाहेरून आलेले आहेत.

माणदेशी
चुकार म्हणजे आमच्याकडं कळपातनं भरकटलेलं जनावर. हेलिकॉप्टर घेऊन त्याला हुडकायला निघालेत असं चित्र डोळ्यापुढं आलं, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूकही नाही. पण सबटायटलात नको.
आणि बाहेरच्या शब्दांची एवढी ॲलर्जी असेल तर 'गनिमी कावा' कुठं ठेवणार? गनीम अरबी आहे.

शुद्धमराठी
तो रुळला आहे.

माणदेशी
फरारी काय काल आला काय?

कराडकर
माधव जूलियनांनी आधी फारसी-मराठी कोश केला आणि नंतर भाषाशुद्धीची बाजू मांडली. आधी ओळख करून घ्यावी, मग घराबाहेर काढावं, ही त्यातल्या त्यात सभ्य रीत.

सुनंदा, इस्लामपूर
तुम्ही सगळे शब्दाच्या मागं लागलात, माणूस काय करत होता ते बघा की. बोस्नियात २ जून १९९५ ला स्कॉट ओग्रेडी या अमेरिकी वैमानिकाचं एफ-१६ विमान क्षेपणास्त्रानं पाडलं. सहा दिवसांनी, ८ जूनला, मरीन्सनी त्याला उचललं. सिनेमातला नायक धावतो, उड्या मारतो. हा गडी दिवसा झुडपात तोंड खाली घालून निपचित पडून असायचा, हलायचं ते रात्री. पानं खाल्ली, मुंग्या खाल्ल्या, पावसाचं पाणी स्पंजनं टिपून प्यायला. शोधणारे अगदी जवळून गेले तरी हा हलला नाही. याला पळणं म्हणणार? 'दडी मार' हाच शब्द.

माणदेशी
ताई, आमच्या माण-खटावात दडी फक्त पाऊस मारतो. शेतकऱ्याला हा सिनेमा दाखवला तर तो वैमानिकाला शिव्या घालील.

सुनंदा, इस्लामपूर
😄 मग 'दबून रहा'.

कराडकर
'दबून' मध्ये भीती येते, 'दबा धरून' मध्ये शिकार येते. 'लपून रहा' आहे की सरळ.

मंजिरी, सांगली
पण पुढच्या प्रसंगात तो लपतही नाही, डोंगर ओलांडून ठरल्या जागेकडं चाललाय. म्हणूनच अडचण. लपणं, हलणं, फसवणं, सगळं एका क्रियापदात आहे.

वाळव्याचा
वाळवा तालुक्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडावा? बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटील चार वर्षं इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, आणि त्या काळात पत्री सरकार चालवलं. लपून बसले नव्हते, पळून गेले नव्हते. 'भूमिगत' होते. तयार शब्द आहे. माझी आजी 'भूमिगत' म्हणायची नाही, 'ती माणसं तवा रानात असायची' म्हणायची. भाकरी रानात जायची, नाव कुणी घ्यायचं नाही.

शुद्धमराठी
भूमिगताला गाव सांभाळतं. या वैमानिकाला परक्या मुलखात भाकरी कोण देणार? अर्थ जुळत नाही.

वाळव्याचा
यावेळी तुमचं पटलं. लिहून ठेवा.

कराडकर
सांगलीकरांनी वसंतदादांचा दाखला कसा दिला नाही अजून? २४ जुलै १९४३, सांगलीचा तुरुंग फोडला. गोळी लागून पुन्हा सापडले, पण 'पळाले' असं सांगलीत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. 'तुरुंग फोडला' हेच.

मंजिरी, सांगली
तो 'एस्केप' झाला, दादा. माझा अजून पकडलेलाच नाही!

सुनंदा, इस्लामपूर
'एस्केप' म्हटलं की मला आपले वैमानिक दिलीप परुळकर आठवतात. एकाहत्तरच्या युद्धात विमान पडलं, युद्धकैदी झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासोबत रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले. अफगाण सीमेजवळ लंडी कोतलला जाऊन पोचले. तिथं लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. ते स्टेशन १९३२ पासून बंद! संशय आला आणि धरले गेले. तोपर्यंत मात्र त्यांनी पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या होत्या, हे म्हणणं अगदी चपखल.

विट्याचा पेंटर
'हातावर तुरी' वरून आठवलं. तूर वाळली की दाणा गुळगुळीत होतो, मूठ आवळली तरी बोटांतून सटकतो. त्यावरून आलं असणार.

कराडकर
मग हरभऱ्याच्या का नाही दिल्या? आमचे मास्तर सांगायचे, राखणदाराच्या हातावर चार दाणे ठेवून त्याला त्यात गुंतवायचं आणि आपण निघायचं, म्हणून तुरी.

विट्याचा पेंटर
तुमच्या मास्तरांचा राखणदार फारच स्वस्त होता.

माणदेशी
व्युत्पत्तीच हवी तर 'पोबारा' घ्या. पौ म्हणजे एक, त्याला जोडून बारा. सोंगट्यांमधलं दान. हिंदीत त्याच 'पौ बारह'चा अर्थ नशीब उघडणं. आपण मात्र दान पडताच घरी पळालो.

शुद्धमराठी
या न्यायानं 'कन्नी काटणे' सुद्धा मराठीत घुसवाल. तो सरळ हिंदी आहे. मराठीत टाळणे, चुकवणे आहे.

विट्याचा पेंटर
हिंदी कसा? पतंगाला कणी आम्ही लहानपणापासून बांधतोय.

शुद्धमराठी
कणी निराळी. हिंदीतली कन्नी म्हणजे पतंगाची कड.

मंजिरी, सांगली
'चुकवणे' वरून सुचलं, 'शोध चुकव' कसं वाटतं? फाइल आज रात्री द्यायची आहे.

विट्याचा पेंटर
कड असेल तर 'काटणे' कशाला म्हणतील? कड कापली तर पतंग उडणारच नाही. कणीच असणार.

माणदेशी
पेंटरदादा, काटणे म्हणजे कापणे हे कुणी सांगितलं? हिंदीत 'रास्ता काटना' पण आहे.