आधी डिकीतली छोटी बॅटरी तपासा

२००७ ची प्रियस (टोयोटाची पेट्रोल-वीज हायब्रिड गाडी), बटण दाबलं की डॅशबोर्ड नुसता मिणमिणतो आणि मेकॅनिक म्हणतो हायब्रिड बॅटरी गेली? थांबा, एवढ्यात खिशात हात घालू नका. इंजिन फिरवायला ही मोठी हायब्रिड बॅटरीच लागते, पण तिला गाडीशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि सगळे कॉम्प्युटर साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की गाडी ढिम्म.

ही छोटी बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात, आणि डिकीचं कुलूप विजेवर! मी तीन आठवडे पुण्याला होतो तेव्हा आतला दिवा चालू राहिला (चूक माझीच), न्यू जर्सीला परतल्यावर दार रिमोटच्या आत दडलेल्या धातूच्या किल्लीने उघडावं लागलं. जंपस्टार्टसाठी बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली प्लसचं टोक आहे. मायनस उघड्या धातूला. उलटं जोडलंत तर मात्र खरंच मोठा खर्च.

गाडी बंद असताना मल्टीमीटरवर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, डॅशबोर्डवर 'रेडी' आल्यावर साधारण १४. तेव्हाही १२ च्याच घरात असेल तर चार्जिंगची बाजू बघायची. नवीन घेताना एजीएम (आतलं ॲसिड काचतंतूंत शोषलेलं, न सांडणारं) प्रकारची, गॅस बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्या, कारण ती गाडीच्या आत बसते. नारिंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या, धोकादायक व्होल्टेजच्या; त्यांना हात लावू नका.