मुलांची शुगर, एमडीनंतरचं शिक्षण आणि आमचा अनुभव
"बालरोगाचं एमडी झालं की मुलांची शुगरही (मधुमेहही) तेच बघतात, वेगळं शिक्षण कशाला?" असं या चर्चेत वर कुणी तरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. निदान आणि पहिले उपचार बालरोगतज्ज्ञच करणार, ते बरोबरच आहे. पण यातला खास तज्ज्ञ व्हायचा रस्ता लांबचा आहे: साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन आणखी तीन वर्षं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी. एंडोक्रायनॉलॉजीच्या (हार्मोन आणि मधुमेहाच्या शाखेच्या) डीएमला मेडिसिनवाल्यांसारखे बालरोगाचे एमडीही जाऊ शकतात, हे इथे कुणी लिहिलं नाही. खास मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजीचं डीएम मोजक्याच संस्थांत आहे, म्हणून बरेच जण फेलोशिपकडे, म्हणजे डीएमपेक्षा छोट्या प्रशिक्षणाकडे वळतात.

माझी लेक सात वर्षांची असताना गावातल्या दवाखान्यात दोन दिवस पोटदुखी-उलटीचीच औषधं चालली. धाप लागली तेव्हा रात्री सांगलीला पळवली. शुगर 500 च्या वर, कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचलेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन अगदी मोजून, सावकाश दिलं. लहान मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण घर सावरलं ते पुढे पुण्यात भेटलेल्या डायबेटिस एज्युकेटर ताईंमुळे. ज्वारीच्या भाकरीतलं कार्ब (कर्बोदकं) कसं धरायचं, आजारपणात इन्सुलिन का बंद करायचं नाही, लाईट गेली तर ओल्या मडक्यात इन्सुलिन कसं ठेवायचं, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. डॉक्टरांसोबत असं शिकलेलं माणूसही जिल्ह्याजिल्ह्यात हवं, त्याबद्दलही इथे बोला.