'पॅरिश'ला मराठीत काय म्हणावं?

बांधावरचा: इंग्लंडच्या डर्बिशरमधल्या ईम गावावरचा लेख मराठीत आणतोय. (स्पेलिंग पाहून मी आधी 'एयाम' लिहिलं होतं, हसू नका.) १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला, असं सांगतात. लेखात पावलोपावली 'पॅरिश' येतं, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. सरळ 'गाव' लिहू का?

वसईकर: आमच्याकडे तयार शब्द आहे की! धर्मग्राम. बिशपांचा धर्मप्रांत, फादरांचा धर्मग्राम. गोव्यात कोंकणीत फिर्गज म्हणतात, तो पोर्तुगिजांकडून आलेला.

बांधावरचा: धर्मग्राम छानच. पण १६०१च्या कायद्याने गोरगरिबांना पोसायचं कामही पॅरिशवर टाकलं, त्यासाठी पट्टी बसायची. 'धर्मग्रामाने पट्टी बसवली' हे कानाला कसंतरीच लागतं.

मोडीवाला: तिथे 'मौजे' बघा. गाव म्हटलं की आपल्याला घरं दिसतात, म्हणजे नुसती पांढरी. मौजात पांढरी आली, काळी म्हणजे शेतजमीन आली आणि शीवही आली. पॅरिशचंही तसंच. चर्च ईममध्ये, पण शेजारची फूलो ही वाडी त्याच पॅरिशमध्ये. फरक एवढाच की मौजाचा हिशेब सरकारी दप्तरात, पॅरिशचा चर्चभोवती. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला जायचा. ज्या पाद्र्याला तो पुरता मिळे तो रेक्टर, ज्याला थोडाच मिळे तो व्हिकर. प्लेगच्या वेळी ईममध्ये विल्यम मॉम्पेसन होता, तो रेक्टर. त्याला नुसतं 'पाद्री' केलंत तर ते वतन वाचकाला दिसायचंच नाही.

वसईकर: वतन! हे आवडलं. पण हल्लीच्या पॅरिश कौन्सिलचं काय?

मोडीवाला: ती १८९४च्या कायद्याने आली, निवडून येते, चर्चशी संबंध नाही. खुशाल ग्रामपंचायत म्हणा.

बांधावरचा: आणि 'बाउंडरी स्टोन'? मी 'सीमादर्शक शिला' लिहिलंय.

मोडीवाला: अहो, शिवेवरचा दगड! तिकडे वसंतात अख्खी पॅरिश शीव फिरायला निघायची. पोरांना खुणेच्या दगडांवर आपटायचे, चोपायचेसुद्धा, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहावी. ईमचा दगड तर स्टोनी मिडलटनच्या वाटेवर अजून आहे. १६६६च्या उन्हाळ्यात गावाने ठरवलं, शिलंगण करायचं नाही, म्हणजे शीव ओलांडायची नाही. बाहेरचे लोक अन्नधान्य शिवेवर ठेवून जात आणि दगडातल्या सहा खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलून नेत. गावातली सुमारे २६० माणसं गेली. तिथे 'सीमा' लिहाल तर मला फौजा आणि काटेरी तारा दिसतील.

वसईकर: मग मथळा 'ईमची शीव' करा ना.

बांधावरचा: केला. पॅरिश तिसऱ्या परिच्छेदात येतं, तिथे तेच ठेवतो आणि पुढे कंसात मौजे.

मोडीवाला: कंस कशाला? एकदा दोन्ही शेजारी लिहा, पुढे मौजेच चालू द्या. दहाव्या हिश्शाच्या वाक्यात मात्र धर्मग्राम.